लिस्बनला जाण्यापूर्वी

व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रात खिडकीपलीकडे बसलेल्या तरुणीने माझा पासपोर्ट उघडला, आडनाव वाचले आणि मान वर न करताच विचारले, "पोर्तुगालमध्ये आपले कोणी नातेवाईक आहेत का?" मी नाही म्हटले. तिने अर्जावर खूण केली आणि ती पुढच्या कागदाकडे वळली. प्रश्न नेहमीचाच होता, माझ्या आधीच्या माणसालाही तो विचारला गेला असणार. तरीही परतीच्या विरार गाडीत, दादरपासून थेट भाईंदरच्या खाडीपुलापर्यंत, तो माझ्या मनात घोळत राहिला. नातेवाईक नाहीत हे खरे आहे. मात्र ज्या आडनावामुळे तो प्रश्न मला जरा अधिक लागला, ते आमच्या घरात कसे आले याचे उत्तर त्या अर्जाच्या कोणत्याही रकान्यात मावणारे नव्हते.

वसईतल्या ख्रिस्ती माणसाला स्वतःच्या आडनावाचे फारसे कुतूहल नसते. लोपीस, परेरा, तुस्कानो, घोन्साल्विस ही आमच्याकडे बांधावरून हाक मारण्याची नावे आहेत. त्यांच्यामागे समुद्रापलीकडचा एक देश उभा आहे, हे शाळेत इतिहास शिकेपर्यंत ध्यानातही येत नाही. घरात सामवेदी बोली, चर्चमध्ये मराठी मिस्सा, आजीच्या अंगावर लाल लुगडे, आणि नाताळात पाटाभर तळलेले फुगे, असे आमचे बालपण गेले. पोर्तुगीज अंमल वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत होता. चिमाजी अप्पांनी तो संपवला आणि आमच्या पूर्वजांचे राज्यकर्ते बदलले, देव मात्र तोच राहिला. गोव्याचे तसे नाही. माझ्या कचेरीतल्या मडगावच्या मैत्रिणीचे आडनाव माझ्याच आडनावासारखे आहे, पण तिचे आजोबा १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले असल्यामुळे त्यांच्या जन्मनोंदीच्या आधारे तिला पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकले. लिस्बनच्या विमानतळावर ती युरोपीय नागरिकांच्या रांगेतून निघून जाईल आणि मी ९० युरो शुल्क, ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचे उतारे आणि परतीचे तिकीट यांचा गठ्ठा घेऊन दुसऱ्या रांगेत उभी असेन. मला तिचा हेवा वाटत नाही असे मी सर्वांना सांगते. ते पूर्णपणे खरे नाही.

त्या गठ्ठ्यातला सर्वांत अवघड कागद होता दिवसवार कार्यक्रमाचा. जे शहर आपण कधी पाहिलेले नाही, तिथे अमुक तारखेला आपण काय करणार आहोत हे आधीच लिहून द्यायचे असते. नियमाचा हेतू मला समजतो, परंतु त्या कागदाने माझ्यावर एक वेगळाच उपकार केला. एरवी मी नकाशे पाहत, इतरांचे अनुभव वाचत महिनोन्‌महिने काढले असते. आता प्रत्येक तारखेसमोर काहीतरी लिहिणे भाग पडले आणि लिहायला बसल्यावर कळले की मोजक्या दिवसांच्या पहिल्या भेटीचे नियोजन म्हणजे बहुतांशी खोडरबर चालवणेच असते. या प्रवासात बरोबर येणारी माझी धाकटी बहीण बँकेत नोकरीला आहे आणि तिला रंगीत तक्ते करण्याची आवड आहे. तिने पहिल्याच बैठकीत अडचणी मांडल्या: जेरोनिमोसचा मठ आणि बहुतेक सरकारी संग्रहालये सोमवारी बंद, कार्मोचे पुरातत्त्व संग्रहालय रविवारी बंद, आणि सांता क्लाराच्या मैदानावरचा जुना चोरबाजार फक्त मंगळवारी आणि शनिवारी भरतो. मुंबईहून थेट विमान नाही, आखातात बदलावे लागते, त्यामुळे पोहोचण्याच्या दिवसाची दुपारनंतरची वेळच काय ती हाती लागते. विमानतळ शहराला लागून आहे आणि तिथूनच मेट्रोची लाल मार्गिका सुटते, एवढीच त्यातली सोय. महापालिका दर माणशी दर रात्री चार युरोंचा पर्यटक कर घेते, हेही तिने वेगळ्या रंगात लिहिले.

"ताई, बेलेमला एक पूर्ण दिवस द्यायलाच हवा," ती म्हणाली आणि आमचा पहिला वाद सुरू झाला.

बेलेम हा लिस्बनचा नदीकाठचा तो भाग, जिथून जहाजे भारताकडे निघत. सर्व याद्यांमध्ये तो पहिल्या क्रमांकावर असतो. तिथे मठ आहे, बुरूज आहे, १८३७ पासून दालचिनी भुरभुरलेल्या अंड्याच्या मलईच्या कुरकुरीत पेस्ट्र्या विकणारे दुकान आहे, आणि नदीत घुसलेल्या जहाजाच्या नाळेसारखे बांधलेले दर्यावर्दींचे स्मारक आहे. हे स्मारक मुळात १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरते उभारले होते. ते काँक्रीट आणि दगडात कायमचे झाले १९६० साली, म्हणजे गोवा हातचा जाण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. साम्राज्य आवरते घेण्याची वेळ आलेली असताना त्याच्या आरंभाचा एवढा मोठा पुतळा बांधणाऱ्या राजवटीच्या मनात काय चालले असेल, याचे मला स्मारकापेक्षा अधिक कुतूहल आहे. त्या नाळेवर ओळीने उभ्या केलेल्या मूर्तींत वास्को द गामा आहे, गोवा जिंकणारा आल्बुकर्क आहे आणि संत फ्रान्सिस झेवियरही आहे. पहिल्या दोघांकडे मी तटस्थपणे पाहू शकेन असे मला वाटते. तिसऱ्याचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही, कारण त्याची तसबीर आमच्या ओटीवर आहे, तो वसईला येऊन गेलेला आहे, आणि विजेत्यांच्या रांगेत त्याला उभे केलेले पाहून मला राग येईल की संकोच वाटेल, हे तिथे गेल्याशिवाय कळणार नाही.

गामाची कबर जेरोनिमोसच्या चर्चमध्ये शिरताच लागते. तो १५२४ मध्ये कोचीला वारला, तिथेच पुरला गेला, नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले आणि १८८० मध्ये ते या चर्चमध्ये आले. कोचीतली रिकामी कबर मी शाळेच्या सहलीत पाहिलेली आहे, त्यामुळे भरलेलीही पाहावी असे बहिणीचे म्हणणे. मला मात्र बेलेममध्ये गामापेक्षा गेंडा पाहायचा आहे. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह याने आल्बुकर्कला भेट म्हणून एक गेंडा पाठवला होता. तो जहाजाने मे १५१५ मध्ये लिस्बनला जिवंत पोहोचला. तिथे हत्तीशी त्याची झुंज लावण्यात आली, पण हत्तीच घाबरून पळाला. पुढे राजाने तो गेंडा पोपला नजर करण्यासाठी रोमला पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्यालगत जहाज बुडून साखळदंडात अडकलेला तो प्राणी मेला. त्याच सुमारास बांधल्या जात असलेल्या बेलेमच्या बुरुजावर, एका टेहळणी मनोऱ्याच्या तळाशी, गेंड्याचे दगडी डोके कोरलेले आहे. वाऱ्यापाण्याने ते झिजले आहे आणि ठाऊक असल्याशिवाय दिसत नाही. ज्या सुलतानाने तो गेंडा दिला, त्याच्याच मुलाने, बहादुरशाहाने, १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. बापाने गेंडा दिला आणि लेकाने आमचे गाव. हे डोके बाहेरून, तिकीट न काढता पाहता येते, म्हणून बेलेमला अर्धा दिवस पुरेल असे मी ठामपणे सांगितले आणि बहिणीने तक्त्यातला अर्धा चौकोन पुसला.

उरलेला अर्धा दिवस मी कार्मोला दिला. वसईच्या किल्ल्यात छप्पर नसलेल्या चर्चमध्ये आम्ही लहानपणी लपंडाव खेळलो. पायाखालच्या शिळांवर पोर्तुगीज अक्षरे असत आणि ती कबरींची आहेत हे ठाऊक असूनही कोणी भीत नसे. त्यामुळे चर्चच्या कमानींतून आकाश दिसणे हे माझ्या दृष्टीने अगदी स्वाभाविक आहे. लिस्बनमधला कार्मोचा मठ मी चित्रात पाहिला तेव्हा दचकले ते यासाठी: तशाच उघड्या कमानी, तसेच वरचे आकाश, जमिनीवर तसेच गवत. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक मिस्सेला बसलेले असताना भूकंप झाला, मग समुद्र नदीतून शहरात आला आणि नंतर आग लागली. कार्मोचे छप्पर तेव्हा पडले आणि पुढे ते तसेच राहू दिले गेले. त्याच दिवशी नदीकाठचा राजवाडा आणि त्याला लागून असलेले, भारताच्या व्यापाराचा सगळा हिशेब ठेवणारे कार्यालय नष्ट झाले. आज तिथे पिवळ्या भिंतींचा, तीन बाजूंनी कमानी असलेला ऐसपैस चौक आहे आणि त्यामागे तेव्हाचा मंत्री पोंबाल याच्या देखरेखीखाली काटकोनात आखलेल्या रस्त्यांचा बायशा हा भाग आहे. या भागातल्या इमारतींच्या भिंतींत भूकंपाचे धक्के सोसण्यासाठी लाकडी सांगाड्यांचे जाळे घातलेले आहे.

वसई पडली १७३९ मध्ये आणि लिस्बन पडले १७५५ मध्ये. म्हणजे ज्या शहरातून दोनशे वर्षे आमच्या गावावर हुकूम सुटत होते, त्या शहराचा तो भाग आता अस्तित्वात नाही, आणि त्या काळच्या भिंती, वेशी, चर्चचे दर्शनी भाग आमच्याकडे मात्र अजून उभे आहेत, वडाच्या मुळ्या घुसलेले आणि लग्नाआधीची छायाचित्रे काढणाऱ्या जोडप्यांनी गजबजलेले. मी जुने लिस्बन पाहायला लिस्बनला चालले आहे, हे वाक्य मनात आल्यावर मला हसूच आले.

आईला आमच्या यादीत रस नव्हता. तिने एकच काम सांगितले, "संत अंतोनीच्या नावाने एक मेणबत्ती लाव." जग ज्याला पाडुआचा अंतोनी म्हणते तो संत मुळात लिस्बनचा, कॅथेड्रलच्या पायथ्याशी, त्याच्या जन्मस्थानावर, त्याचे छोटे चर्च आहे. आमच्या किल्ल्यातले फ्रान्सिस्कनांचे पडके चर्चही त्याचेच. हरवलेली वस्तू मिळवून देणारा म्हणून आई त्याला किल्ल्या, चष्मा आणि एकदा तर रेशनकार्डासाठीही वेठीला धरत आली आहे. मी नकाशावर ते चर्च शोधले तेव्हा दिसले की तिथून कॅथेड्रलच्या बाजूने काही मिनिटे चढून गेले की अल्जुब लागते. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत राजकीय कैद्यांचा छळ जिथे होत असे तो हा तुरुंग १९६५ पर्यंत चालू होता, आणि २०१५ पासून तिथे प्रतिकाराचे आणि स्वातंत्र्याचे संग्रहालय आहे. एक माणूस कसाबसा आडवा होईल अशा कोठड्या तिथे होत्या. आईची मेणबत्ती आणि त्या कोठड्या एकाच सकाळी, एकाच चढणीवर आल्या आहेत आणि हा क्रम मी मुद्दाम बदललेला नाही. चढण हा शब्द मी हलकेपणाने वापरत नाही. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या लहान चौकोनी दगडांचे असतात, पावसाने ते गुळगुळीत होतात, आणि आम्ही ऑक्टोबरात चाललो आहोत. बहिणीने तळाला पकड असलेल्या बुटांची रक्कमही तक्त्यात धरली आहे. २८ क्रमांकाची पिवळी ट्राम या चढणीवरून जाते खरी, पण मार्तिम मोनिझला तिच्यासाठी लागणारी रांग आणि आतले खिसेकापू यांच्याबद्दल इतके वाचले आहे की चर्चगेटहून सायंकाळी सहाची विरार पकडण्याचा अनुभव तिथे उपयोगी पडेल असे वाटते.

त्याच चढणीवर पुढे साव व्हिसेंते द फोरा हा मठ आहे. निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेल्या ओवऱ्या पाहायला लोक तिथे जातात. मला जायचे आहे ते पोर्तुगालच्या ब्रगांझा राजघराण्याच्या दफनस्थानात, कारण कॅथरीन तिथे आहे. १६६१ च्या तहाने जिच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण मिळाली, ती ही. तिने मुंबई कधी पाहिली नाही. नवरा गेल्यावर काही वर्षांनी ती लिस्बनला परतली आणि १७०५ मध्ये वारली. तहाच्या वेळी वसई हे पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे होते, तटबंदीच्या आत हवेल्या आणि मठ होते, आणि मुंबईची बेटे वसईच्या अधिकाराखालचा एक दुय्यम, दलदलीचा तुकडा होती. मुंबई इंग्रजांच्या हाती देऊ नये म्हणून गोव्याच्या व्हाइसरॉयने लिस्बनच्या राजाला विनवले होते. इंग्रज मुंबईत बसले की भारत हातचा गेला, असे त्याचे म्हणणे होते. आज वसईतली निम्मी माणसे पहाटे उठून त्या आंदणात मिळालेल्या बेटांकडे लोंबकळत जातात. कॅथरीनविषयी माझ्या मनात राग नाही. तेविसाव्या वर्षी परक्या, परधर्मीय दरबारात नेऊन सोडलेल्या मुलीवर राग कसला धरायचा? तिच्यासमोर क्षणभर उभे राहावे, एवढेच आहे.

या सगळ्यात एक ठिकाण असे आहे की जे मला एकाही यादीत सापडले नाही. काइश दु सुद्रे स्थानकातून कास्काइशच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाणारी गाडी तेजो नदीच्या काठाने धावते आणि अर्ध्या तासाच्या आत वाटेत काशियास नावाचे स्थानक लागते. पर्यटक तिथे उतरत नाहीत. त्या गावाच्या टेकडीवरच्या किल्ल्यात गोवा मुक्तिलढ्यातले सांगलीचे मोहन रानडे अनेक वर्षे कैदेत होते. १९५५ मध्ये गोव्यातल्या बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन ते पकडले गेले, त्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली, त्यांना पोर्तुगालला नेण्यात आले, आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत. सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी धडपडत राहिले. सुटका झाली ती जानेवारी १९६९ मध्ये. आमच्या घरी वडील ही हकीकत सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज जरा चढे, कारण आमच्यासारख्या आडनावाच्या माणसाने ती सांगावी यात त्यांना काहीतरी सिद्ध करायचे असे. पोर्तुगीज नावाचा माणूस पोर्तुगीजांच्या बाजूचा असतो, असे गृहीत धरणारे लोक त्यांना आयुष्यभर भेटले होते. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांचे नाव ते लगेच पुढे जोडत. तेही पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात कैदी होते.

काशियासची माहिती शोधू लागले की पाण्याकाठचा एक देखणा, छोटा किल्ला समोर येतो. तो साव ब्रुनोचा किल्ला, आणि तो वेगळा. तुरुंग वर टेकडीवर आहे, तिथे आजही कैदी आहेत आणि पाहुण्यांना आत प्रवेश नाही. पोर्तुगालमधली हुकूमशाही संपवणाऱ्या एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर एक-दोन दिवसांतच तिथले राजकीय कैदी सोडण्यात आले, आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य करणारा करार केला. म्हणजे मी तिथे जाऊन करणार काय? स्थानकावर उतरायचे, चढावरून जेवढे जाता येईल तेवढे जायचे, तुरुंगाची भिंत बाहेरून पाहायची आणि परत यायचे. तिकीट नाही, माहितीफलकही बहुधा नाही. बहिणीला हे पटत नाही. तिच्या मते इतका खर्च करून परदेशी गेल्यावर चालू तुरुंगाची बाहेरची भिंत पाहण्यात अर्धा दिवस घालवणे हा वेडेपणा आहे, आणि तिच्या बाजूने विचार केला तर तो आहेच.

खोडरबरात गेलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. मत्स्यालय गेले, लिस्बन शहरातल्या टेकडीवरचा किल्ला गेला कारण त्याचे नाव मोठे असले तरी आतले बरेचसे बांधकाम विसाव्या शतकात नव्याने उभारलेले आहे, सतरा किलोमीटर लांबीचा वास्को द गामा पूल गेला, आणि जेवणाच्या दामदुप्पट दराबरोबर ऐकवले जाणारे फादो हे तिथले पारंपरिक गायनही जवळजवळ गेले. अभिलेखागारात जाऊन आमच्या गावाचे एखादे पत्र पाहावे असे फार वाटत होते, परंतु पोर्तुगीज वाचता येत नसताना सोळाव्या शतकाचे हस्ताक्षर समोर घेऊन बसणे म्हणजे केवळ फोटोपुरती हौस झाली असती. खरे भांडण झाले ते सिंट्रावरून. डोंगरातले रंगीत राजवाडे सर्वांनाच हवे असतात, बहिणीलाही हवे आहेत, आणि त्यांच्यापायी एक अख्खा दिवस रांगांत आणि बसमध्ये जातो. इतक्या थोड्या मुक्कामात शहर सोडून बाहेर जाऊ नये असे माझे मत आहे. काशियास हे शहराबाहेरच आहे, असे तिने ताबडतोब दाखवून दिले.

शेवटी त्या दिवसापुरते आम्ही वेगळे व्हायचे ठरवले आहे. ती सकाळी घोड्याच्या नालेसारख्या जोडकमानींच्या रॉसियो स्थानकातून सिंट्राची गाडी धरेल आणि मी काइश दु सुद्रेहून नदीकाठची. दोन्ही प्रवास साधारण सारख्याच वेळाचे आहेत, फक्त मी मध्येच उतरणार आहे. संध्याकाळी भेटायचे रॉसियोच्या चौकात, कारण दोन्ही स्थानकांतून तिथे पायी येता येते. जेवायचे कुठे यावर अजून वाद चालू आहे: तिला गोव्याच्या लोकांची खानावळ शोधायची आहे, मला कोळशावर भाजलेला कोणताही मासा चालेल.